बी-१०४६ च्या चार फेऱ्या

जूनच्या पहिल्या आठवड्यात अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. समोरची खांदेरी-उंदेरी बेटं पावसात कधी दिसतात, कधी पुसून जातात, आणि इकडे वाळूवर माणसं होडीच्या पोटाखाली वाकून कामाला लागलेली असतात. पाण्याखाली राहणाऱ्या भागावर चिकटलेला शिंपल्यांचा थर खरवडायचा, फळ्यांमधल्या सांधी बोटांनी चाचपायच्या, इंजिन उतरवून मेकॅनिकपुढे ठेवायचं, जाळ्यांतली भोकं शिवायची. मग नवा रंग, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून दर्याची पूजा. होडीचा हा कितवा हंगाम, असं नाखवाला विचारलं तर तो आकडा सांगेलच. पण गेल्या वर्षी ती कुठे गळत होती आणि कोणती फळी बदलली, हे त्याहून तपशिलात सांगेल.

समजा, नियम उलटा असता. मासळी किनाऱ्याला पोचवली की होडी बुडवायची आणि दुसऱ्या दिवशी नवी बांधायला घ्यायची. त्या पापलेटचा भाव ऐकायला थळच्या बाजारात कोणी थांबलंही नसतं.

उपग्रहांच्या धंद्यात मात्र जवळजवळ साठ वर्षं हाच नियम होता. अमेरिकेच्या स्पेस शटलने १९८१ ते २०११ या काळात यान आणि त्याचे दोन घन-इंधनाचे बूस्टर पुन्हा वापरून दाखवले, पण प्रत्येक उड्डाणानंतरची डागडुजी इतकी अवाढव्य होती की बचत कागदावरच राहिली. बाकी सगळी रॉकेटं एकदा उडायची आणि समुद्राच्या तळाशी नाहीतर जमिनीवर जाऊन पडायची. यात महाराष्ट्राचंही बरंच पोलाद आहे. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्याची आवरणं तयार होतात. विक्रोळीला गोदरेजमध्ये विकास इंजिनं बनतात. पवईच्या लार्सन अँड टुब्रोनेही इस्रोसाठी रॉकेट-मोटरची आवरणं घडवली. पीएसएलव्हीचा पहिला टप्पा सुमारे १३९ टन घन इंधन दोन मिनिटांच्या आत जाळून टाकतो. महिनोन्‌महिने घासूनपुसून, क्ष-किरणांनी तपासून पाठवलेली ती वस्तू काही मिनिटांत बंगालच्या उपसागरात पडते. तिचं काम चोख झालेलं असतं, तक्रारीला जागा नाही. फक्त ती परत येत नाही.

या प्रकरणात ज्या बूस्टरची गोष्ट आहे, तो परत आला. तीनदा.

त्याचं नाव बी-१०४६. स्पेसएक्स कंपनीच्या फॅल्कन-९ या रॉकेटचा हा पहिला टप्पा. बूस्टर म्हणजे रॉकेटचं खालचं, सर्वांत मोठं धूड: सुमारे चाळीस मीटर उंच, म्हणजे बारा-तेरा मजली इमारतीएवढं, आणि रुंदीला मात्र ३.६६ मीटर. ही रुंदी उगाच ठरलेली नाही. यापेक्षा जाड नळकांडं अमेरिकेतल्या हमरस्त्यांवरून, पुलांखालून ट्रेलरवर आडवं घालून नेणं अवघड झालं असतं. बुडाशी मर्लिन जातीची नऊ इंजिनं, पोटात केरोसीन आणि अतिथंड द्रवरूप ऑक्सिजन, दोन्ही मिळून चारशे टनांच्या आसपास. उपग्रहाला शेवटचा धक्का देणारा वरचा टप्पा वेगळा. तो परत येत नाही. पण कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांच्या सांगण्यानुसार रॉकेटच्या किमतीतला सुमारे ६० टक्के वाटा एकट्या बूस्टरचा असल्याने सगळा आटापिटा त्याच्यासाठी.

बी-१०४६ च्या आधीही बूस्टर उतरले होते. डिसेंबर २०१५ मध्ये पहिला जमिनीवर उतरला, एप्रिल २०१६ मध्ये दुसरा समुद्रातल्या तराफ्यावर, आणि तराफ्यावर उतरलेला तो मार्च २०१७ मध्ये पुन्हा उडाला. त्याआधीचे प्रयत्न पाहताना मात्र हसू आणि हळहळ एकदमच यावी: एकात दिशा देणाऱ्या पंखांचं हायड्रॉलिक तेल संपलं, एकात बूस्टर उतरला आणि कलंडला, एकात उतरणं अगदी बरोबर झालं पण एका पायाची कडी बसली नाही आणि सगळा डोलारा आडवा झाला. या सगळ्या ठेचा खाऊन जी सुधारित आवृत्ती निघाली तिला कंपनीने ‘ब्लॉक ५’ म्हटलं. मोठी दुरुस्ती न करता एका बूस्टरने दहादा उडावं, हा तिचा हेतू. त्या आवृत्तीतला उडालेला पहिलाच नग म्हणजे बी-१०४६.

पहिली फेरी बांगलादेशासाठी होती. बंगबंधू-१ हा त्या देशाचा पहिला दळणवळण उपग्रह, वजन साडेतीन टनांहून थोडं जास्त. १० मे २०१८ रोजी फ्लोरिडातल्या केनेडी अंतराळ केंद्रावर उलटी मोजणी ५८ सेकंदांवर येऊन थांबली. संगणकाने स्वतःच नकार दिला. दुसऱ्या दिवशी, आपल्याकडे १२ मेची पहाट होण्याआधी पावणेदोनच्या सुमारास, रॉकेट उडालं.

पुढची आठ-साडेआठ मिनिटं जवळून पाहण्यासारखी आहेत, कारण परत येण्याची सगळी करामत तिथे आहे. अडीच मिनिटांनी बूस्टरचं काम संपतं आणि तो वरच्या टप्प्यापासून सुटतो. त्या वेळी तो ताशी हजारो किलोमीटरच्या वेगाने वर आणि किनाऱ्यापासून दूर चाललेला असतो. हवा जवळजवळ नाहीच, म्हणून नायट्रोजन वायूच्या बारीक पिचकाऱ्या सोडून तो अंग वळवतो आणि इंजिनांची बाजू पुढे करतो. डोक्याजवळ घडी घालून ठेवलेले चार जाळीदार पंख उघडतात. ते टायटॅनियमचे असतात. खाली येताना तापूनही टिकावेत म्हणून. हवा दाट होऊ लागली की नऊपैकी तीन इंजिनं पुन्हा पेटवून वेग मारला जातो. ती पेटवायला हवा लागताच भडकणारं एक रसायन वापरतात, म्हणून ज्योत सुरू होताना क्षणभर हिरवी चमक दिसते.

शेवटचा भाग सगळ्यात कठीण. आता टाक्या रिकाम्या, बूस्टर हलका. इतका हलका, की एकच इंजिन अगदी कमीत कमी जोरावर चालवलं तरी तो जोर त्याच्या वजनापेक्षा जास्त भरतो. म्हणजे हवेत जागच्या जागी तरंगत राहून, खाली नीट बघून, मग हळूच टेकायची सोय नाही. मांडव्याच्या जेट्टीला लागणारी लाँच थोडी मागे घेता येते, पुन्हा पुढे आणता येते, लाट गेली की दोर टाकता येतो. इथे एकच संधी. इंजिन उशिरा पेटलं तर बूस्टर तराफ्यावर आदळणार. लवकर पेटलं तर तो वरच थांबून पुन्हा आभाळाकडे निघणार. वेग शून्य आणि उंची शून्य हे दोन्ही एकाच क्षणी जमावं लागतं. आणि खाली आहे तो तराफा, फ्लोरिडापासून सहाशेच्या आसपास किलोमीटरवर, लाटांवर हलणारा, माणूस नसलेला. त्याचं नाव ‘ऑफ कोर्स आय स्टिल लव्ह यू’, म्हणजे ‘अर्थातच माझं तुझ्यावर अजून प्रेम आहे’. इयन बँक्स या लेखकाच्या विज्ञानकादंबऱ्यांतल्या जहाजांवरून ही नावं उचललेली आहेत. आपल्याकडे होड्यांना देवांची नाहीतर लेकींची नावं देतात, ते बरं वाटतं.

बी-१०४६ त्या तराफ्यावर नीट उभा राहिला. बंदरात आणल्यावर कंपनीने त्याला लगेच पुन्हा उडवलं नाही. मस्क यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की हा पहिला नग उघडून आतून पाहायचा. म्हणजे पुन्हा उघडावा लागू नये यासाठी एकदा पूर्ण उघडून बघणं. नाखवा पहिल्या हंगामानंतर नव्या होडीचं जे करतो, तेच.

उघडून, पाहून, जोडून झाल्यावर ७ ऑगस्ट २०१८ रोजी, ८८ दिवसांनी, दुसरी फेरी झाली. या वेळी शेजारच्या केप कॅनाव्हरलच्या तळावरून इंडोनेशियाचा मेराह पुतिह हा उपग्रह निघाला. नावाचा अर्थ ‘लाल-पांढरा’, त्यांच्या झेंड्याचे रंग. सुमारे ५,८०० किलोंचा हा उपग्रह बंगबंधूच्या दीडपटीहून जड. सतरा हजारांहून जास्त बेटांवर पसरलेल्या देशाला तारा टाकून एकमेकांशी जोडणं किती कठीण, हे खाडी ओलांडून नोकरीला जाणाऱ्या रायगडकराला समजावून सांगायला नको. बूस्टर पुन्हा त्याच तराफ्यावर उतरला. त्यानंतर त्याला ट्रेलरवर आडवं घालून अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्गला नेलं.

तिसरी फेरी मुंबईसाठी महत्त्वाची.

एरवी मोठा उपग्रह म्हणजे स्वतःची गाडी करून जाणारा प्रवासी. वेळ त्याची, मार्ग त्याचा. छोट्या उपग्रहांना ते परवडत नाही. ते कुणा मोठ्याच्या पाठीवर उरलेल्या जागेत बसून जातात आणि तो सोडेल तिथे उतरतात. सिएटलच्या स्पेसफ्लाइट या कंपनीने वेगळाच घाट घातला: अख्खं फॅल्कन-९ भाड्याने घ्यायचं आणि ते फक्त छोट्यांनी भरायचं. अलिबाग-पेण रस्त्यावर मिनीडोअर भरल्याशिवाय हलत नाही, तसाच हा हिशोब. सतरा देशांतल्या ३४ संस्थांचे ६४ उपग्रह गोळा झाले. त्यांत विद्यापीठांचे होते, कंपन्यांचे होते, आणि दोन तर कलाकृती होत्या. निघायला उशीर झालाच. नोव्हेंबरमधली तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे. शेवटी ३ डिसेंबर २०१८ ठरली. रॉकेट निघालं तेव्हा आपल्या घड्याळात ४ डिसेंबर सुरू होऊन चार मिनिटं झाली होती.

या ६४ मध्ये एक होता एक्सीडसॅट-१. मुंबईच्या एक्सीड स्पेस या कंपनीने बनवलेला, दहा सेंटिमीटर बाजूचा ठोकळा, वजन किलोभर. भारतातल्या खासगी कंपनीने बनवून अवकाशात पाठवलेला पहिला उपग्रह म्हणून त्याची नोंद झाली. महाराष्ट्रात छोटा उपग्रह काही नवा नव्हता. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या, म्हणजे सीओईपीतल्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ जून २०१६ मध्ये पीएसएलव्हीवरून गेला होता, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’. पण ती दोन्ही कॉलेजातली पोरं. इथे धंदा म्हणून कोणी उपग्रह बांधत होतं आणि जागेचं भाडं भरत होतं.

एक्सीडसॅटचं काम हौशी रेडिओवाल्यांचं. हॅम रेडिओ चालवणारा माणूस जमिनीवरून बोलतो, उपग्रह ते ऐकतो आणि दुसऱ्या लहरीवर पुन्हा खाली सोडतो, म्हणजे डोंगराआडचा माणूस पोहोचतो. इस्रोने २००५ मध्ये पाठवलेला हॅमसॅट २०१४ मध्ये थांबल्यापासून भारतीय हॅमवाल्यांना अशा साथीची उणीव होती. हौशी रेडिओ उपग्रहांच्या संघटनेने नव्या पाहुण्याला ‘व्हीयूसॅट-ऑस्कर-९६’ असं नाव दिलं. व्हीयू ही भारतातल्या हॅमवाल्यांच्या संकेतनावांची सुरुवात. हा छंद कशासाठी, असं वाटणाऱ्यांनी ३ जून २०२० आठवावा. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि विजेचे खांब, मोबाइलचे मनोरे एकामागोमाग गप्प झाले. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या गावांची ख्यालीखुशाली मुंबईतल्या माणसांना दिवसेंदिवस कळत नव्हती. अशा वेळी बॅटरीवर चालणारा रेडिओ हाच निरोप्या.

उड्डाणाच्या दिवशी व्हँडेनबर्गला उभा असलेला बूस्टर पांढरा नव्हता. काजळीने माखलेला होता. खाली येताना इंजिनांची केरोसीनची ज्वाळा त्याच्याच अंगावरून वर सरकते आणि काजळी बसते. अतिथंड ऑक्सिजनच्या टाकीभोवती हिम धरलेलं असल्याने तो पट्टा त्यातल्या त्यात उजळ राहतो. कंपनीने धुऊन रंगरंगोटी करण्यात वेळ घातला नाही. रंगाने रॉकेट उडत नाही हे खरं, तरी उपग्रहाच्या मालकाला नवी कोरी गाडी आवडते, आणि विमाकंपन्यांनाही सुरुवातीला धाकधूक होती. काळवंडलेलं रॉकेट लोकांसमोर तसंच उभं करणं हे एका अर्थी बाजाराला दिलेलं उत्तर होतं.

रॉकेट उडालं, ६४ पाहुणे सुमारे ५७५ किलोमीटर उंचीवर पुढच्या काही तासांत एकेक करून सुटले, आणि बूस्टर पॅसिफिकमधल्या ‘जस्ट रीड द इन्स्ट्रक्शन्स’ या तराफ्यावर उतरला. तीनदा उडून तीनदा परत आलेला तो पहिला बूस्टर ठरला. दोनच दिवसांनी, ५ डिसेंबरला, फ्लोरिडात त्याच्याच जातीच्या दुसऱ्या बूस्टरच्या पंखांचा पंप अडकला आणि तो गरगरत समुद्रात उतरला. परत येणं अजून सवयीचं झालेलं नव्हतं.

सामुदायिक गाडीचा तोटाही या फेरीने दाखवला. एवढे उपग्रह एकाच ठिकाणी एकदम सुटल्यावर रडारवर दिसतात ते सारखेच ठिपके. त्यांतला कोणता कोणाचा, हे ओळखण्यात महिने गेले. आपला ठिपका कोणता हे कळलं नाही तर अँटेना कुठे रोखायची हेच कळत नाही. मिनीडोअरमधून उतरल्यावर सगळ्यांच्या पिशव्या एकसारख्या निघाव्यात, तशी गत.

चौथ्या फेरीला ४१२ दिवसांनी बोलावणं आलं, आणि ती परतीची नव्हती. नासाला अंतराळवीर स्पेसएक्सच्या ड्रॅगन यानातून पाठवायचे होते. त्याआधी एक गोष्ट सिद्ध करून हवी होती: रॉकेट उडून वेगात असताना, हवेचा दाब सर्वांत जास्त असताना काही बिघडलं, तर यान माणसांना घेऊन सुटू शकेल का? याची चाचणी घ्यायची तर बूस्टर नष्ट होणार हे गृहीतच. म्हणून अनुभवी, तीन फेऱ्या झालेला नग निवडला. परत आणायचा नसल्याने त्याचे पाय लावले नाहीत, जाळीदार पंखही नाहीत. हवामानामुळे एक दिवस पुढे जाऊन १९ जानेवारी २०२० रोजी तो केनेडी केंद्राच्या त्याच तळावरून निघाला, जिथून बंगबंधू घेऊन निघाला होता. दीड मिनिटाच्या आत ड्रॅगनची आठ इंजिनं पेटली आणि यान रॉकेटवरून उपटून निघालं. आत माणसं नव्हती, दोन पुतळे होते. टोक उघडं पडलेला बूस्टर हवेच्या माऱ्यात फुटला; ढगांत नारिंगी गोळा दिसला. यान नऊ मिनिटांच्या सुमारास पॅराशूटने अटलांटिकमध्ये टेकलं. चार महिन्यांनी, ३० मे २०२० रोजी, त्याच प्रकारच्या यानातून दोन अंतराळवीर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे गेले.

त्यानंतर फेऱ्यांचे आकडे ऐकून कान किटावेत इतके वाढले. ऑगस्ट २०२५ मध्ये बी-१०६७ हा बूस्टर ३० व्यांदा उडाला. मार्च २०२५ मध्ये एक बूस्टर नऊ दिवसांत पुन्हा तयार झाला. बी-१०४६ ला पहिल्यांदा ८८ दिवस लागले होते. मग भाडं किती उतरलं? इथे जरा थांबून खिसा चाचपावा. २०१८ मध्ये फॅल्कन-९ चा जाहीर दर ६ कोटी २० लाख डॉलर होता. २०२२ मध्ये तो ६ कोटी ७० लाख झाला. वाचलेला पैसा गिऱ्हाइकाकडे फारसा आला नाही. कंपनीने तो स्वतःचे हजारो स्टारलिंक उपग्रह पाठवण्यात जिरवला. छोट्यांना मात्र नियमित सामुदायिक फेऱ्या सुरू झाल्याचा फायदा झाला, हे मान्य करायला हवं.

भारतही या गिऱ्हाइकांत आहे. जीसॅट-एन२ हा ४,७०० किलोंचा उपग्रह आपल्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या आवाक्याबाहेरचा होता, कारण भूस्थिर कक्षेकडे जाणाऱ्या वाटेवर ते तेव्हा सुमारे चार टनच नेऊ शकत होतं. म्हणून १९ नोव्हेंबर २०२४ च्या मध्यरात्री तो फॅल्कन-९ वरून गेला. त्याला उचलणाऱ्या बूस्टरची ती १९ वी फेरी होती.

इस्रोचा यावरचा उतारा दोन वाटांनी चाललाय. एक वाट नव्या पिढीच्या प्रक्षेपकाची: सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ८,२४० कोटी रुपये मंजूर केले, खालच्या कक्षेत ३० टन नेणाऱ्या या रॉकेटचा पहिला टप्पा परत आणायचा आहे. दुसरी वाट पंख असलेल्या ‘पुष्पक’ यानाची, जे विमानासारखं धावपट्टीवर उतरेल. २०१६ मध्ये त्याचा एक नमुना श्रीहरिकोट्याहून ६५ किलोमीटर उंच जाऊन बंगालच्या उपसागरात उतरला. मग कर्नाटकात चित्रदुर्गजवळच्या धावपट्टीवर उतरण्याच्या तीन चाचण्या झाल्या, २ एप्रिल २०२३, २२ मार्च २०२४ आणि २३ जून २०२४ ला. दर वेळी हवाई दलाच्या चिनूक हेलिकॉप्टरने यान साडेचार किलोमीटर उंच नेऊन सोडलं, आणि पुढे त्याने स्वतःच वाट शोधली. तिसऱ्या चाचणीत ते मुद्दाम बाजूला सोडलं होतं आणि वाराही जोराचा होता. ताशी ३२० किलोमीटरहून अधिक वेगाने धावपट्टीला टेकून, मागचं पॅराशूट उघडून ते थांबलं. त्या दिवशी उतरलेले पंख आणि आतली उड्डाणयंत्रणा नवी नव्हती. मार्चमधल्या चाचणीत जी वापरली होती तीच, काही बदल न करता, पुन्हा आणली होती.